प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज संपला, आता लेकाबरोबर कोणता टॉवर डिफेन्स खेळू?

कोपरी_पूर्व

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात कोपरीला राहते आणि महापेला एका कंपनीत हिशेब बघते. मुलगा सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या जुन्या लॅपटॉपवर आम्ही दोघांनी 'प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज'चा पहिला भाग खेळायला घेतला, २००९ सालचा. टॉवर डिफेन्स म्हणजे वाटेत मारा करणाऱ्या गोष्टी मांडून चालून येणाऱ्या शत्रूला अडवायचं. यात झॉम्बींना रोपांनी अडवायचं. सुट्टी संपायच्या आत पन्नासही टप्पे पार झाले आणि आता घरात रोज एकच विषय: पुढे काय?

आम्हाला त्यात काय आवडलं ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला सुचवायला सोपं जाईल. आमची कामं वाटलेली होती. पडणारे सूर्य, म्हणजे रोपं घ्यायचे पैसे, टिपायचे मुलाने, कोणतं रोप कोणत्या चौकोनात लावायचं ते मी ठरवायचं. सुरुवातीला मी घाबरून आधी मारा करणारं पीशूटरच लावायचे आणि मग हातात सूर्य उरायचे नाहीत. पन्नास सूर्यांचं, पुढे सूर्य देत राहणारं सूर्यफूल आधी लावायचं, दम धरायचा, मग बाकीचं, हे अंगवळणी पडायला चार-पाच टप्पे गेले. पगार आला की आधी आरडी, मग खरेदी, तसंच ते. एकदा ते जमल्यावर मजा यायला लागली.

खरी कसोटी लागली छपरावर. तिथे डाव्या बाजूला उतार आहे, त्यामुळे सरळ मारणाऱ्या रोपांच्या गोळ्या छपरालाच आदळतात. आधी कुंडी मांडायची आणि तिच्यात उंच फेकणारं रोप लावायचं. त्यात तो वरून दोरीला लटकून येणारा झॉम्बी! नेमकं आमचं सगळ्यात महागाचं रोप उचलून न्यायचा. तीन वेळा हरलो. चौथ्या वेळी मुलाने खेळ सुरू करायच्या आधी रोपांची माहिती एकेक करून वाचून काढली आणि म्हणाला, "आई, हे छत्रीचं पान आजूबाजूच्या सगळ्यांना वाचवतं." मधोमध ते एक अंब्रेला लीफ लावलं. दोरीवरचा झॉम्बी खाली आला, पानावर आपटला आणि रिकाम्या हाताने वर गेला. मुलगा खुर्चीवर उभा राहून नाचला. मला हे पुन्हा हवंय. हरणं, वाचणं, समजणं आणि मग जमणं.

आता अडचण सांगते. मध्यंतरी फुकट आहे म्हणून फोनवर एक टॉवर डिफेन्स उतरवला होता. नाव लिहीत नाही. दोन दिवसांत माझ्या खात्यातून हिऱ्यांच्या पेट्यांसाठी १,३४० रुपये गेले. मुलाला खूप बोलले. रात्री तो झोपल्यावर मी स्वतः तो गेम उघडून खेळले, तेव्हा माझा त्याच्यावरचा राग गेला. हरलं की जिथे 'पुन्हा खेळा' असायला हवं, नेमकं तिथे मोठ्या हिरव्या अक्षरांत 'पेटी घ्या' असं येत होतं. 'पुन्हा खेळा' खाली कोपऱ्यात, बारीक करड्या अक्षरांत. बारा वर्षांच्या मुलाचं बोट कुठे जाणार?

तर अटी अशा. एकदाच पैसे द्यायला माझी हरकत नाही, पण नंतर मागू नयेत. नेटशिवाय चालावा, कारण ठाणे-वाशी लोकलमध्ये एकटी असताना मीही तो खेळणार. गाडी ठाण्यातूनच सुटते म्हणून बसायला जागा मिळते, कोपरखैरणेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं हातात असतात. मध्येच बंद करता यावा. आणि हाताच्या वेगापेक्षा डोक्याला काम हवं. किंगडम रश आणि ब्लून्स ही दोन नावं सारखी कानावर येतात. दोन्हींत फरक काय? खेळलेल्या माणसांनी सांगा.

पाचपाखाडी

किंगडम रश घ्या, दुसरा विचारच करू नका. उरुग्वेच्या आयर्नहाइड नावाच्या स्टुडिओचा आहे. पहिला भाग २०११ चा, मग फ्रंटियर्स २०१३, ओरिजिन्स २०१४, व्हेंजन्स २०१८ आणि अलायन्स २०२४. तुम्ही पहिल्यापासूनच सुरुवात करा. नंतरच्या भागांत टॉवर जास्त चमकदार आहेत, पण पहिल्याइतका नेटका हिशेब मला कुठे दिसला नाही.

आणि 'प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज २' कडे वळायचा मोह होईल, तो टाळा. २०१३ मध्ये तो फुकट म्हणूनच आला आणि काही रोपं खऱ्या पैशांना विकायला ठेवली आहेत. वाईट गेम नाही, पण तुमच्या घरी जे झालं त्यानंतर नको.

वागळेचा_ड्राफ्ट्समन

कोपरीताई, तुमचा छत्रीचा किस्सा दोनदा वाचला. माझं उत्तर त्याच किश्श्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी हे गेम २००७ पासून खेळतोय. तेव्हा डिप्लोमाला होतो आणि नौपाड्यातल्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन 'डेस्कटॉप टॉवर डिफेन्स' खेळायचो. ब्राउझरमध्ये फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचा. त्यात आखलेला रस्ताच नव्हता. मोकळा पट. शत्रू डावीकडून शिरून उजवीकडे निघणार, पुढे पुढे वरून शिरून खालीही. तुमचे टॉवर हीच त्यांच्या वाटेतली भिंत. पाच नाण्यांचा सगळ्यात स्वस्त पेलेट टॉवर, त्यांच्या ओळी मांडून शत्रूला नागमोडी फिरवायचं. वाट पूर्ण बंद करता येत नाही, गेम तुम्हाला तसा टॉवर ठेवूच देत नाही. मग एक दिवस शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाने दाखवलं की दोन दारं ठेवायची. रांग एका दाराशी पोचली की तिथे टॉवर टाकून ते बंद करायचं आणि लांबचं दुसरं दार टॉवर विकून उघडायचं. अख्खी रांग वळून उलटी चालायला लागते आणि तेवढा वेळ सगळ्या गोळ्या तिच्यावर. मी त्या दिवशी दोन तासांचे पैसे भरले आणि घरी जाऊन वहीत तो पट काढला. आज वागळे इस्टेटमध्ये ड्रॉइंग काढून पोट भरतो. कागदावर वाटा आखायची गोडी मला तिथे लागली असं मी मनापासून मानतो. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झालं तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे. हरल्यावर मला बोट ठेवता आलं पाहिजे. हा टॉवर चुकीच्या वळणावर होता, इथे पैसे अडकवले, शत्रूंची ही लाट लवकर बोलावली. तुमच्या मुलाला बोट ठेवता आलं म्हणून छत्रीचं पान सापडलं. त्या फुकटच्या गेममध्ये बोट ठेवायला जागाच नव्हती. जागा चुकली की पेटी घेतली नाही म्हणून हरलो, हे तिथे कोणालाच कळत नाही, आणि ते कळू नये अशीच त्याची रचना असते. मीही असाच एक गेम दोन आठवडे खेळलो. मांडणी सात-आठ प्रकारे बदलून पाहिली, फरक शून्य. त्या दिवशी काढून टाकला.

आता किंगडम रश. त्यात रस्ता ठरलेला आणि टॉवरच्या जागाही ठरलेल्या. चारच जाती: आर्चर म्हणजे तिरंदाज ७० सोन्याचा, बॅरॅक्स म्हणजे शिपायांची छावणी ७०, मेज म्हणजे जादूगार १००, आर्टिलरी म्हणजे तोफ १२५. इतकंच? असं वाटतं. पण बॅरॅक्समधून तीन शिपाई बाहेर येतात आणि रस्त्यात उभे राहून शत्रूला अडवतात. कुठे उभं राहायचं ते निशाण तुम्ही हलवायचं. सगळा गेम त्या निशाणात आहे.

तीन हात नाक्याला गजरेवाल्या बायका कुठे उभ्या राहतात बघा. धावत्या गाडीमागे कोणी पळत नाही, सिग्नलला गाड्या थांबतात तिथेच धंदा होतो. बॅरॅक्स म्हणजे तो सिग्नल. आर्टिलरीचा गोळा हळू जातो, चालत्या शत्रूच्या मागे पडतो. तोच शत्रू शिपायांशी झुंजत एका जागी खिळला, मागून येणारे त्याच्याभोवती गोळा झाले, की एकाच गोळ्यात सहा-सात जातात. म्हणून आधी बॅरॅक्स कुठे ते ठरवा, मग त्या जागेवर मारा करणारे टॉवर. नवीन माणूस उलटं करतो. आणि वळण शोधा. रस्ता इंग्रजी यू सारखा वळतो तिथे मधल्या जागेवरचा टॉवर शत्रूला जातानाही मारतो आणि येतानाही. त्याच सोन्यात दुप्पट काम.

दुसरी गोष्ट, शत्रूवर टॅप केलं की त्याची माहिती दिसते. जड चिलखतवाल्यांवर बाण वाया जातात, त्यांना मेजची जादू लागते. शामन म्हणून एक आहे, तो बाकीच्यांना बरं करत चालतो आणि जादूला दाद देत नाही, त्याला बाणानेच टिपावं लागतं. तुमचा मुलगा माहिती वाचणारा आहे, त्याला हे फार आवडेल. जिंकून मिळालेल्या ताऱ्यांतून सुधारणा घेता येतात, आणि त्या हव्या तेव्हा काढून दुसरीकडे लावता येतात, त्याला पैसे पडत नाहीत. प्रयोग करायला मोकळीक आहे, ही माझ्या लेखी मोठी गोष्ट.

उणं सांगायचं तर पहिल्या भागात वेग वाढवायचं बटण नाही. पुढची लाट लवकर बोलावली तर वरचं थोडं सोनं मिळतं, तेवढाच उपाय. फोनवर काही हिरो, म्हणजे टॉवरच्या जोडीला लढणारे खास योद्धे, वेगळ्या पैशांना विकायला आहेत. ते न घेता मी सगळं पार केलं आहे, पण घरात मूल आहे तर खरेदीला पासवर्ड लावाच. लॅपटॉपवर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातली आवृत्ती घेतलीत तर हिरो आतच येतात, तो प्रश्नच उरत नाही. आणि टप्पा अर्धा सोडून गेम बंद झाला तर तो पहिल्यापासून. घरी बसून खेळायला ठीक, कोपरखैरणे यायच्या आत संपेलच असं नाही.

ब्लून्सबद्दल थोडक्यात. न्यूझीलंडच्या निंजा किवीचा, सहावा भाग २०१८ मध्ये आला. माकडं फुगे फोडतात. चित्रं लहान मुलांची, आत हिशेब मोठ्या माणसांचा. सुरुवातीच्या पन्नास फेऱ्या मला फार आवडतात. पुढे पडद्यावर इतका उजेड आणि इतक्या गोळ्या होतात की काय घडलं ते दिसतच नाही. बोट ठेवता येत नाही.

लॅपटॉपवर अजून एक, 'डिफेन्स ग्रिड: द अवेकनिंग', २००८ चा. त्यात शत्रू तुम्ही राखायचे पॉवर कोअर चोरून बाहेर पळतात, म्हणजे बाहेर पडायच्या वाटेवरही टॉवर लागतात. शिल्लक पैशांवर व्याज मिळतं. तुम्ही हिशेब बघता, तुम्हाला खर्च करू की ठेवू हा पेच आवडेल असं वाटतं. पण तो नंतर. आधी किंगडम रश.

ऐरोली_सेक्टर_आठ

काका, बाकी सगळं पटलं, ब्लून्सचं नाही पटलं. मी कॉलेजला आहे, दोन वर्षं ब्लून्स टीडी ६ खेळतेय आणि अॅप विकत घेतल्यानंतर एक रुपया घातलेला नाही. आत दुकान आहे, पण तिकडे जायची गरजच पडत नाही. आणि बोट नक्की ठेवता येतं. फक्त फेरीचा नंबर लक्षात ठेवायचा.

काकू, ब्लून्समध्ये कोणती फेरी काय आणणार हे ठरलेलं असतं, दर वेळी तेच. २४व्या फेरीला पहिला कॅमो फुगा येतो, जो साध्या माकडाला दिसतच नाही. २८व्याला पहिला लेड, म्हणजे शिशाचा, त्याला टोकदार गोष्ट फोडू शकत नाही. ४०व्याला पहिलं मोआब, म्हणजे मोठ्ठा उडता फुगा. म्हणजे हरलात तर २८व्याला हरलात की ४०व्याला, यावरूनच कळतं काय नव्हतं ते. मी पहिल्यांदा २८व्याला हरले. टोकदार डार्ट फेकणारी वीस डार्ट मंकी होती माझ्याकडे, वीस! आणि एक राखाडी फुगा त्या सगळ्यांच्या समोरून आरामात निघून गेला. मग कळलं की एकच स्नायपर मंकी, वरच्या रांगेतली पहिली सुधारणा घेतली की शिसं फोडतो आणि मधल्या रांगेतली पहिली घेतली की कॅमो बघतो. एका माकडात दोन्ही अडचणी सुटल्या.

त्या रांगांमध्येच खरी गंमत आहे. प्रत्येक माकडाला सुधारणांच्या तीन रांगा, प्रत्येकीत पाच पायऱ्या. पण दोनच रांगा उघडता येतात आणि दोन पायऱ्यांच्या पुढे एकच नेता येते. म्हणजे एकच माकड किती वेगवेगळ्या प्रकारे वाढवता येतं बघा. माझी मावशी शिवणकाम करते, ती म्हणाली कापड तेच, कापलं की परत जोडता येत नाही, तसं आहे हे.

उजेड-बिजेड फार होतो हे खरं. ६३वी फेरी आली की शिशाच्या आणि सिरॅमिक म्हणजे टणक फुग्यांचे थवेच्या थवे येतात आणि माझा फोन अडखळतो. पण त्या वेळी काही करायचं नसतंच. जे करायचं ते ६०च्या आधी केलेलं असावं लागतं. काका, तुम्ही ६३व्याला बघत बसता, बघायचं असतं ५५व्याला!

ट्रेनसाठी ब्लून्सच चांगला. मीही ऐरोली ते ठाणे रोज जाते. आपोआप फेरी सुरू होण्याचं सेटिंग बंद ठेवायचं, मग तुम्ही बटण दाबल्याशिवाय पुढची फेरी येत नाही. स्टेशन आलं की फोन पर्समध्ये. पुढच्या वेळी त्याच फेरीपासून सुरू. एकटं खेळायला नेट लागत नाही. चार जणांपर्यंत मिळूनही खेळता येतो, त्याला मात्र नेट लागतं. माझा भाऊ साताऱ्याला आहे, रविवारी आम्ही दोघं एकच नकाशा अर्धा-अर्धा वाटून घेतो. सोप्याला ४० फेऱ्या, मध्यमला ६०, अवघडला ८०. सोप्यापासूनच सुरू करा.

वागळेचा_ड्राफ्ट्समन

'बघायचं असतं ५५व्याला' हे पटलं. मी त्या दृष्टीने खेळलोच नव्हतो. आज रात्री एक नकाशा तसा खेळून बघतो, चूक माझी निघाली तर इथेच लिहीन.

महापे_एमआयडीसी

एक वेगळं नाव टाकतो, 'मिंडस्ट्री'. ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, अँड्रॉइडवर फुकट, जाहिरात नाही, दुकान नाही. लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो. स्टीमवर पैसे पडतात, पण बनवणाऱ्याच्या आपल्या पानावरून फुकट उतरवता येतो.

यात टॉवरला गोळ्या आपोआप मिळत नाहीत. जमिनीतून तांबं काढायला ड्रिल बसवायचं, तिथून कन्व्हेयर बेल्ट टॉवरपर्यंत आणायचा, मग तो मारणार. ड्युओ नावाचा पहिला टॉवर तांब्यावर चालतो, ग्रॅफाइट दिलं की जास्त जोरात मारतो. म्हणजे हरलात तर टॉवर कमी होते की पट्टा मध्येच अडकला होता, दोन्ही तपासावं लागतं. मी इथे एका कारखान्यात पॅकिंग लाइनवर काम करतो. लाइन पुढे बंद पडली की माल मागे साचतो, ते या गेममध्ये हुबेहूब तसंच होतं. पट्टा भरलेला दिसतोय म्हणजे सगळं ठीक, असं नवख्याला वाटतं. भरलेला आणि हलत नसलेला पट्टा हा सगळ्यात वाईट. हे मला कामावर समजायला वर्ष लागलं होतं.

ताई, मुलाला हा नक्की द्या, पण लॅपटॉपवर. फोनवर पट्टे आखताना बोट जाड पडतं. आणि किंगडम रश झाल्यावर द्या, आधी नको. पहिला नकाशा सोपा आहे, तिसऱ्या-चौथ्यापासून डोकं भंजाळतं. बसून खेळायचा गेम आहे, गाडीत नाही.

कोपरी_पूर्व

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. मधे महिनाअखेरीची कामं होती.

तुम्हा सगळ्यांचं ऐकलं. घरी लॅपटॉपवर किंगडम रश घेतला, फोनवर ब्लून्स. दोन्ही एकदाच पैसे भरून. फोनला पासवर्ड लावला आणि मुलाला सांगूनच लावला. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाला, "यात मागतच नाहीत पैसे."

गाडीत मी ब्लून्स खेळते. ऐरोलीच्या मुली, तुझ्या त्या स्नायपरने माझी २८वी फेरी सहज पार झाली. मीही आधी डार्ट मंकीच लावत बसले होते. आता मी फेरीचे नंबर डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत, २४ ला काय, २८ ला काय, ४० ला काय. शेजारी बसणाऱ्या एक ताई तुर्भ्याला जातात, त्यांनी विचारलं कसली यादी. सांगितल्यावर त्यांनीही फोन पुढे केला. सोप्यातला एक नकाशा ४० फेऱ्यांचा, मला तीन दिवस लागतात येता-जाता. मला ते आवडतं. घाई नाही.

किंगडम रश आम्ही रात्री जेवण झाल्यावर एक टप्पा असा खेळतो. वागळेदादा, तुमच्या सिग्नलचं वाक्य मुलाने जसंच्या तसं उचललं आहे. बॅरॅक्सला तो आता 'सिग्नल'च म्हणतो. "आई, सिग्नल पुढे सरकव."

मधल्या एका टप्प्यात काय झालं ते सांगते. यू सारखं वळण होतं, मधे तीन जागा. मी तिन्हींवर आर्टिलरी टाकली, समोर बॅरॅक्स. आठ लाटा अशा गेल्या की मला वाटलं जिंकलोच. गोळा पडायचा आणि घोळकाच्या घोळका साफ. मी सगळं सोनं त्याच तीन टॉवरना वाढवण्यात घातलं. मग पंखवाले गारगॉइल आले. रस्त्यावरून नाही, वरून. शिपायांना ते अडवता येत नाहीत आणि आर्टिलरीचा गोळा त्यांच्यापर्यंत जातच नाही. तीन मोठ्या तोफा तशाच उभ्या आणि वरून एकेक जण निघून चाललाय. वीस जीव होते, बाराला आले, सहाला आले, शून्य झाले. मी माउस सोडून बसले होते.

मुलगा पडद्याकडे बघत होता. म्हणाला, "वर बघायला आपण कोणी ठेवलंच नाही." आणि खरोखर त्या तीन जागांपैकी मधल्या जागेवर त्याने बोट ठेवलं, लॅपटॉपच्या काचेवर. "इथे आर्चर हवा होता." दादा, मला तुमचंच वाक्य आठवलं. पुढच्या खेपेला मधे आर्चर, दोन बाजूंना आर्टिलरी, आणि वीसपैकी एकोणीस जीव राखून टप्पा पार.

तेव्हापासून भूमितीच्या वहीच्या मागच्या पानांवर तो नकाशे काढतो. रस्ता दोन रेघांचा, टॉवरच्या जागा कंपासने गोल, आत अक्षर: आ, बॅ, मे, तो. तो म्हणजे तोफ. हरलो तिथे लाल फुली आणि बाजूला कारण. अशी नऊ पानं झालीत. एका पानावर कारणाच्या जागी फक्त 'माहीत नाही' लिहिलंय, आणि तो टप्पा तो जिंकल्यावरही पुन्हा खेळतो, कारण सापडेपर्यंत. मी त्याला अभ्यासाला बस म्हणायला गेले होते, ते पान बघितलं आणि दहा मिनिटं थांबले.

मिंडस्ट्री शाळेची परीक्षा झाल्यावर. डिफेन्स ग्रिड माझ्यासाठी बघून ठेवला आहे, ते व्याजाचं फार मनात बसलंय.

आता अडलेला प्रश्न. आर्चर टॉवर शेवटच्या पायरीला नेताना दोन पर्याय येतात, रेंजर्स किंवा मस्केटियर्स. मुलगा म्हणतो दर वेळी रेंजर्स, मी म्हणते लांबवर मारणारे घे. रोज यावरून वाद होतो. कोणाचं बरोबर?

वागळेचा_ड्राफ्ट्समन

टप्प्यावर आहे. रेंजर्स भराभर मारतात पण त्यांचा पल्ला कमी, विषाची सुधारणा घेतली तर चिलखतवालेही हळूहळू पडतात. म्हणून वळणाच्या पोटात, सिग्नलच्या जवळ रेंजर्स. मस्केटियर्सची एक गोळी आणि दुसरी गोळी यांत बराच वेळ जातो, पण पल्ला खूप मोठा. कोपऱ्यातली अशी जागा जिथून दोन रस्ते दिसतात, तिथे ते. वळणावर मुलाचं ऐका, कोपऱ्यात तुमचं.

आणि ऐरोलीताई, ६३वी फेरी मी पार केली. ५५व्याला थांबून बघितलं, शिसं फोडणारं एकच माकड होतं माझ्याकडे. चूक माझीच होती.